आक्काने सोडलेले थेंब

आक्के,

आज सगळ्यांत आधी टपकली शेजारीण, साखर मागायच्या निमित्तानं. पाठोपाठ माझी नात आणि तिची मैत्रीण, डोळ्यांची डॉक्टरीण. तिनं माझ्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटोच दाखवले. एक काचबिंदूचे थेंब सुरू करण्याआधीचा, एक आत्ताचा. अगं, दुसऱ्यात बारीक नसांचं जाळं कसं भरून आलंय! म्हणाली, "आजी, डोळ्यातला दाब उतरला, रक्तही जरा बरं फिरतंय. गेलेली नजर येत नाही, पण उरलेली टिकेल." मला नाचावंसंच वाटलं, गुडघे आडवे आले.

मग तुझं गाऱ्हाणं घातलं. डोळे लाल होतात म्हणून आक्कानं थेंबच सोडले, म्हटलं. तशी ती गंभीर झाली. "लाली आली तर औषध बदलता येतं, सोडायचं नसतं. त्यांना लवकर तपासायला हवं."

हे पत्र टाकायची नाही मी. वाचलंस तर आतून कडी लावून बसशील, ओळखते ना तुला! त्यापेक्षा नात आणि डॉक्टरीण, या दोघींना घेऊन थेट तुझ्या दारात उभी राहते. रविवारी सकाळी परत यायचं कबूल केलंय त्यांनी.

तुझीच,
धाकटी