शेवटाच्या आधी

अहो,

नमस्कार. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितेय. लेक आणि बाळ ठणठणीत आहेत. माझी पाठ जरा बोलते, पण बाळ मांडीवर आलं की गप्प बसते.

रविवारी जावयांनी बाळाला सांभाळलं आणि आम्ही मायलेकी चित्रांच्या संग्रहालयात गेलो. चित्रांची दालनं ओलांडली की आतच एक छोटं थिएटर आहे. बाहेर कुठे न लागणारे सिनेमे तिथे दाखवतात. एका म्हातारीची बकरी हरवते, अशी गोष्ट होती. भाषा कळत नव्हती, पण बकरी कळत होती.

बकरीचा माग लागला तशी मी सवयीने पर्स उचलून उभी राहिले. लेकीने पदर ओढला. "आई, बस. इथे कुणाला स्कूटर काढायची नाहीये."

खरंच, आपण आजवर एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. गर्दीच्या आधी स्कूटर काढायला तुम्ही मला उठवायचात आणि घरापर्यंत मी मागे बसून भांडायचे.

बकरी सापडली. पडद्यावरची नावं संपेपर्यंत कुणी हललं नाही. माझे डोळे पुसत लेक म्हणाली, "परवा बाबांचाच फोन आला होता. आईला एक सिनेमा पूर्ण दाखव म्हणाले."

आणि मला मात्र नुसतं "बरं, बरं".

रात्रीची गोळी घेताय ना? जिना सावकाश उतरा.

मी आले की सिनेमाला जाऊ. शेवटाच्या आधी उठलात, तरी मुकाट्याने मागे येईन.

तुमची,
मागच्या सीटवरची