मुंगळा मुंगीचा नवरा नाही

आप्पा, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी दोन वाजता तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत. वेळ पक्की ठाऊक आहे, कारण तुमच्या कचेरीतले पेशकारसाहेब दोनच्या चहाला भूमला आपल्याकडं आले होते.

श्रावणी सोमवारी आई मुंग्यांच्या बिळाशी साखर टाकायची आणि केरसुणी माझ्या हातात द्यायची. मुंगळे आले की हाकलायचे. "बायांच्या वाटणीचं गडी खाऊन जातेत," म्हणायची. मुंगळा म्हणजे मुंगीचा नवरा, हे साऱ्या गल्लीचं शास्त्र. निजामाच्या राज्यात गडबड वाढली, सरहद्द बंद होईल आणि मी पलीकडंच अडकेन म्हणून तुम्ही मला सोलापूरच्या कॉन्व्हेंटमधून घरी आणलं होतंत. दिवाळीनंतर परत धाडायचं ठरलं होतं. आदल्याच दिवशी मी सिस्टरांनी दिलेलं भिंग तुमच्या डोळ्याला लावलं आणि सांगितलं, की सगळ्या मुंग्यांचं कुल एक असलं तरी मुंगळ्याची प्रजाती वेगळी, कँपोनोटस, जाती कॉम्प्रेसस. साखरेवर येतात त्या त्याच्या कामकरी माद्या. नराला पंख असतात, तो इकडं फिरकतही नाही. तुम्ही कितीतरी वेळ बघत राहिलात. "व्हय की गं, पंख न्हाईत. तुझं खरंय."

आणि दुसऱ्या दिवशी? साहेब विचारतात, केरसुणी घेऊन पोर काय करते? मी भिंगासकट सगळं सांगते. साहेब इतके हसतात की चहा बशीत सांडतो. "मुन्शीजी, तुमची पोर तर मुंगळ्याला लुगडं नेसवायला निघाली! उद्या तुमाला बी मादी म्हणंल." तुम्ही माझ्याकडं बघत नाही. "साहेबांना म्हण, चुकलं. मुंगळा नर असतो, म्हण." मी तसं म्हणते. "बस झालं हिचं शिक्षण," साहेब म्हणतात, आणि तुम्ही, आप्पा, म्हणता, "जी हुजूर, बस झालं."

दिवाळी गेली, मी घरीच. निजाम गेला तेव्हा कुठं आईनं बांगड्या मोडून मला परत शाळेत घातलं. पुढं जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, आणि फळ्यावर मुंगीचं वर्गीकरण लिहिताना दर वर्षी तुमच्याशी भांडले. पोरींना वाटायचं, बाई त्यांच्यावरच चिडल्यात.

साहेबांना घाबरलात, ते मी समजू शकते. पण ते गेल्यावर आत येऊन एक शब्द का बोलला नाहीत? पोळ्याच्या आत मला याचं लेखी उत्तर हवं आहे. मोडीत लिहिलंत तरी चालेल, कुणाकडून तरी वाचून घेईन. तोंडी चालणार नाही. तुमचं अक्षर कसं होतं, तेच मला आता आठवत नाही.