सहीचं मत

दि. ४ जून

चि. बॅटरी यास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

रविवारी गाडीवेड्यांच्या क्लबात तू दातांच्या डॉक्टरांना थोबाडीत मारलीस आणि त्यांनी तुझ्या नाकावर थर्मास हाणला, हे तुझ्या वहिनीच्या कानावर आलं. दोघांचे शर्ट रक्तानं भिजले म्हणे! तुझी नवी हायब्रिड वर्षभरात बंद पडेल, एवढंच ना ते म्हणाले? मी तर वीस वर्षं तेच म्हणतोय. पेट्रोलचं इंजिन आणि वर विजेची मोटर, म्हणजे एका घरात दोन कारभारी. तीन सेकंदांत शंभरचा वेग गाठेल, पण माझ्या वर्कशॉपात तीन महिने पडून राहील. आता माझंही नाक फोडणार का?

चेष्टा सोड. दहा वर्षांचा असताना तू रागानं माझ्या बोटांवर बोनेट आपटलं होतंस. दोन नखं अजून वाकडी उगवतात. तुझ्या रागाची मला भीती वाटते. डॉक्टरांची माफी माग.

लोभ आहेच, तो वाढेल असं वाग.
दादा

दि. १९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कोठडीतून वकिलांच्या हाती हे पत्र देतोय. मंगळवारी दुपारी क्लबच्या पार्किंगमध्ये डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझ्या गाडीच्या टपावर थाप मारली आणि हिला भाड्यानं फिरव म्हणाले. सगळे हसत हसत आत गेले. डॉक्टर एकटेच भिंतीकडे सिगारेट ओढायला वळले. मी गाडी सुरू केली आणि ती आपोआप झेपावली. विजेवर होती, त्यामुळे त्यांना चाहूलही लागली नाही. भिंत आणि बंपरमध्ये त्यांचे पाय चिरडले. हाडं मोडल्याचा आवाज मात्र मी ऐकला. डावा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

मी ब्रेकच दाबत होतो, दादा. वकिलांनी परवानगी काढून गाडी तपासायला तुझ्याकडे पाठवली आहे. अपघाताच्या गाड्यांवर तुझ्या सहीचं मत सगळे मानतात. गाडीत दोष होता, एवढंच लिही. जन्मभर तू हेच तर सांगत आलास. नाहीतर माझी दहा वर्षं आत जातील आणि माझी एवढीशी छकुली बापाला ओळखणारही नाही.

सांभाळून घे.
तुझा बॅटरी

दि. २७ जून

चि. बॅटरी यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मी लगेच तू म्हणालास तसं लिहायला बसलो होतो. पण बोनेट न उघडता मी आजवर कशावरही सही केलेली नाही. आणि हायब्रिडचं बोनेट मी परवा जन्मात पहिल्यांदा उघडलं. वीस वर्षं न बघताच शिव्या घातल्या, लाज वाटली.

ब्रेक, पेडल, मोटर, सगळं ठणठणीत. मग गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडलं. धडकेच्या आगेमागचे सेकंद तिनं जपून ठेवलेत. समोर माणूस दिसताच तिनं आपणहून ब्रेक लावायला घेतला होता. तू ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरलास. मग रिव्हर्स घेतलास. मला वाटलं, माणसाला सोडवायला घेतला असशील. पुढची ओळ मी तीनदा वाचली. पुन्हा पुढचा गियर, पुन्हा तळापर्यंत.

एक धडक मी लपवली असती रे. खरंच लपवली असती.

हॉस्पिटलात जाऊन आलो. गाडी मागे गेली तेव्हा डॉक्टरांनी हात जोडून तुला हाक मारली होती, असं ते म्हणाले. तुझ्याकडे बघूनच मारली होती. तू काच वर घेतलीस. हे सांगताना ते रडले आणि मीही रडलो.

आज तपास अधिकाऱ्यांकडे मत दिलं. गाडीत कोणताही दोष नाही. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. छकुली आमच्याकडे आहे, नीट जेवते.

दर आठवड्याला भेटायला येईन. तू नाही म्हणालास, तर बाहेर बाकावर बसून राहीन. लोभ जराही कमी झालेला नाही, हेच फार अवघड जातंय.

तुझा दादा