वसई रोड मोठं की विरार?

रविवार, १६ मार्च २००३. सकाळी.
आज ज्ञानदाला पाहायला विरारची मंडळी येणार. पाहायला कसलं? मुलगा संकेत तिच्याच ऑफिसातला, दोघांचं ठरलेलंच. फक्त आम्ही थोरांनी हो म्हणायचं बाकी. लेकीनं मला बजावलंय, बाबा, प्लीज, स्टेशनचा विषय नको. मी कशाला काढू? वसई रोड जंक्शन आहे, हे काय सांगावं लागतं?
संकल्प: फक्त हवापाण्यावर बोलणे.

संध्याकाळी.
विषय मी काढला नाही. मुलाचे वडील दिवाकरराव म्हणाले, आमचं विरार बरं, गाडी आमच्याकडूनच सुटते. मी एवढंच म्हटलं, की पुढे कुठे जायचं तर आमच्याकडून दिव्याकडे जाणारी लाइनही आहे. त्यावर म्हणाले, तुमचं तर नावच वसई रोड. खरी वसई अजून लांब, रिक्षा करा. हे झोंबलं. मग मी चिमाजीअप्पा काढले. अप्पा वसईवर चालून आले, विरारवर नाही! त्यांनी जीवदानी काढली. मी म्हटलं, देवी डोंगरावर आहे, प्लॅटफॉर्मवर नाही.
दिवाकरराव पोहे अर्धे टाकून उठले. पाठोपाठ सगळेच.
तरी एकंदर छाप चांगली पडली.

सोमवार, १७ मार्च. होळी.
विरारहून निरोप नाही. ज्ञानदा बोलत नाही. प्रेमलता बोलते, तेच वाईट. म्हणाली, पोरीचं लग्न मोडलं तर तुमचं ताट त्या जंक्शनवरच वाढीन.
ज्ञानदाचे डोळे सुजलेत. बघवत नाही. घास घशाखाली उतरेना. (पुरणपोळ्या उतरल्या, पण त्या मऊ होत्या.)

रविवार, २३ मार्च.
विरारला जाऊन आलो. माफी मागायला नव्हे, संबंध सुधारायला. दिवाकरराव दार अडवून उभे, आत या म्हणेनात. शेवटी उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो, विरार मोठं. ते म्हणाले, जरा मोठ्यानं, आत ऐकू गेलं नाही. मोठ्यानं म्हणालो. शेजारच्यांचंही दार उघडलं. मग चहा आला. साखर कमी.
लग्न ठरलं! सगळं श्रेय माझ्या मुत्सद्देगिरीला. मनातल्या मनात मात्र वसई रोड.

मंगळवार, २० मे.
लग्न छान पार पडलं. आणि आता कळतंय, पोरांनी फ्लॅट घेतलाय नालासोपाऱ्याला! ना जंक्शन, ना तिथून गाडी सुटते. दिवाकररावांचा फोन आला. त्यांचाही आवाज बसलेला. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं. ज्ञानदा म्हणते, दोन्ही घरांपासून एकेक स्टेशन लांब, कुणी रुसायला नको.
घर रिकामं वाटतं. वादाला कुणी नाही.

शनिवार, १४ जून.
उद्या लेकीच्या घरी पहिल्यांदा जाणार. प्रेमलतेचा गुडघा सुजलाय, म्हणून एकटाच. लायब्ररीत बसून तयारी केली. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर! सम्राट अशोकाचा शिलालेख तिथे सापडला. अशोकापुढे विरार म्हणजे किस झाड की पत्ती. लेकीचं स्टेशन सगळ्यांत मोठं, हे उद्या सिद्ध करणार. ती किती खूश होईल!

रविवार, १५ जून.
दिवाकरराव आधीच येऊन बसलेले. मी चपला काढतोय तोवर त्यांनी अशोक काढला. माझा अशोक! मग मी सोपाऱ्याचा स्तूप काढला, त्यांनी बंदर. जेवण संपेपर्यंत चाललं. संकेत मान खाली घालून जेवत होता. निघताना ज्ञानदा म्हणाली, पुढच्या वेळी दोघांनीही स्टेशनं चपलांबरोबर बाहेर काढून या.
घरी आलो तर प्रेमलता दाराशीच खुर्ची टाकून बसलेली. घर कसं आहे हो? ओट्याला उजेड येतो का? गॅलरीतून काय दिसतं? पोर वाळली नाही ना?
मला एकही सांगता येईना. खूप आठवून पाहिलं. प्रेमलता वाट बघत होती.
शेवटी म्हणालो, स्टेशनपासून जवळ आहे.