दुभाषी कशाला हवा?

४ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे ५.१०
आजपासून रोज दोनशे इंग्रजी शब्द. सगळे सात अक्षरी. काही झालं तरी. १७ तारखेला आमच्या त्रांगच्या मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर स्क्रॅबलची स्पर्धा आहे. यंदा पहिल्या दहात. गेल्या वर्षी तेविसावा आलो, पण समोरचा माणूस सारखा खोकत होता.

पद्धत माझीच बरोबर आहे. अक्षरं पाठ करायची, अर्थ नाही. अर्थ म्हणजे नसतं ओझं. आमच्या क्लबातल्या दाताच्या डॉक्टर प्राफाईबाई प्रत्येक शब्दाचा अर्थ बघत बसतात. म्हणून त्या हळू. माझ्या डोक्यात चाळीस हजार शब्द आहेत. क्यू असलेले पण यू नसलेले तर झोपेत सांगेन.

बायको, ओराथाई, म्हणाली, अहो, त्या चाळीस हजारांतला एखादा बाजारात जाऊन कोथिंबीर आणतो का?
गेलो. आजचे शब्द : शून्य. उद्या चारशे.

६ नोव्हेंबर
फुकेतहून लेकीचा, निंगचा फोन. तिच्या कॅलमची आई स्कॉटलंडहून येतेय, १६ तारखेला रीतसर मागणी घालायला. ओराथाई आधी रडली, मग सामानाची यादी करायला बसली.

माझी अट एकच. लग्न झालं की दोघांनी इथे राहायचं, आमच्या वरच्या मजल्यावर. खोलीला पोपटी रंग देऊन ठेवलाय. एकुलती एक पोरगी आहे. कॅलम मास्तर आहे, त्रांगमध्ये काय शाळा नाहीत? निंगलाही हेच हवंय. कॅलमच्या आईला हे मी स्वतः सांगणार. इंग्रजीत.
शब्द : चाळीस. फोनमुळे.

८ नोव्हेंबर
ओराथाई म्हणते, कॅलमला आपली भाषा येत नाही, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या रात्चनीबाईंना दुभाषी म्हणून बोलवू. ऐकूनच डोकं फिरलं. एकतीस वर्षं पोस्टात परदेशी टपाल लावलंय मी. चौदा वर्षं इंग्रजी खेळतोय. ती म्हणाली, खेळता हो, पण बोललात कधी? बरं, 'पोरगी वर राहील' कसं म्हणणार, म्हणा बघू आत्ता. म्हटलं, वेळ आली की येतं आपोआप. आणि फिरायला निघून गेलो.

हल्ली एका जागी बसवत नाही. दुकानाची पाटी दिसली की अक्षरं उलटीसुलटी करायला लागतो. आज औषधांच्या दुकानासमोर तसाच उभा होतो, टुकटुकवाला ओरडला, काका, घरी कुणी वाट बघत नाही का तुमची?

परत निंगचा फोन. बाबा, बोलवा ना हो रात्चनीबाईंना, प्लीज. म्हटलं, बाप आहे ना इथे? मग तिनं विषयच बदलला. लहानपणापासून माझ्यावर विश्वास आहे तिचा.

११ नोव्हेंबर
वाक्य तयार करायला बसलो. अडचण अशी की माझ्या वह्यांमध्ये शब्द अक्षरांप्रमाणे आहेत, काय बोलायचंय त्याप्रमाणे नाहीत. 'वरचा मजला' कुठे शोधायचा? दोन तासांत एक्सवाले सव्वीस शब्द सापडले. उत्तम शब्द आहेत. बोलण्यात कुठे बसवायचे ते बघू.

प्राफाईबाई म्हणतात, तुमचे निम्मे शब्द माशांची नावं आहेत आणि उरलेले जुन्या नाण्यांची. जळतात.

१४ नोव्हेंबर
जास्त तयारी केली की बोलण्यातला सहजपणा जातो. तयारी बंद. खुर्चीवरून उठलो, बसलो, उठलो. ओराथाई म्हणाली, पाय मोडले त्या खुर्चीचे तर पाहुणे जमिनीवर बसवीन.

१६ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३
झालं! आणि काय झकास झालं!

मोठी माणसं बोलत असताना मुलीनं आतल्या खोलीत बसायचं, तशी निंग आत होती. कॅलमला चटईवर मांडी जमेना, पाय कुठे ठेवावे त्याला कळेना. त्याची आई मोराग, उंच बाई, उकाड्यानं टोमॅटोसारखी लाल झालेली, पण हात जोडले ते अगदी आपल्या पद्धतीनं. भाजलेलं डुक्कर तीनदा मागून घेतलं. मग ताटली खाली ठेवली आणि थेट माझ्याशी बोलायला लागली. दहा मिनिटं.

एकही शब्द खाली पडू दिला नाही मी. 'एप्रिल' तर कळलाच. 'सेटल', सहा अक्षरं. आणि मग बाई चक्क 'पर्मनंट' म्हणाली! नऊ अक्षरं, दोन एन, दोन ई. हात्याईच्या स्पर्धेत एकानं तो माझ्याविरुद्ध लावला होता, तेव्हापासून पाठ आहे. इतका आनंद झाला की पुढचं थोडं निसटलं.

शेवटी बाई थांबली आणि तिनं काहीतरी विचारलं. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, येस. तिनं परत विचारलं, सावकाश. मी मोठ्यानं म्हटलं, येस, येस! तर उठून तिनं मला मिठीच मारली, सगळ्यांसमोर.

ओराथाईनं विचारलं, वरच्या मजल्याचं सांगितलंत का? म्हटलं, त्या अर्थाचं बोलणं झालं. आता सांगा, दुभाषी कशाला हवा होता?

निंग बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. पोरींचं असंच असतं अशा दिवशी.

१७ नोव्हेंबर
चाळिसात चौतिसावा. मॉलचा एसी थेट मानेवर येत होता. शिवाय मन कालच्या आनंदात.

प्राफाईबाई सहाव्या. त्यांना मागणीची सगळी हकिकत सांगितली, शब्दांसकट. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाल्या, पर्मनंट कशाबद्दल म्हणाल्या त्या? पर्मनंट म्हणजे कायमचं. म्हटलं, बरोबरच आहे की! वरच्या मजल्यावर, कायमचं. माझ्या चहाचे पैसे त्यांनीच दिले. हरलेल्या माणसाचं मन सांभाळतात, चांगली बाई आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ५
चार वाजता निंगचा फोन आला. रडत होती.

मोरागनं मला विचारलं होतं की एप्रिलमध्ये लग्न तिकडे करू या का, आणि निंग कायमची तिकडेच राहिली तर चालेल का. नवरा गेल्यापासून ती शेतावर एकटीच आहे. पण तिनं निंगला आधीच सांगून ठेवलं होतं, तुझे वडील नाही म्हणाले तर मी परत विषय काढणार नाही, तुम्ही खुशाल त्रांगला राहा.

निंग आत बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, मी वाट बघत होते बाबा, तुम्ही नाही म्हणाल म्हणून. तुम्ही दोनदा हो म्हणालात. मी नकोय का तुम्हाला इथे? मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग तिनं हळू आवाजात विचारलं, की तुम्हाला कळलंच नाही ती काय विचारतेय ते? तसं असेल तर सांगा. मी आत्ता मोरागशी बोलते, ती समजून घेईल.

ओराथाई हातात डाव घेऊन दारात उभी होती. माझ्याकडेच बघत होती.

मी म्हटलं, कळलं की. शब्दन्‌शब्द कळला.

निंग बरं म्हणाली. आणि तिनं फोन ठेवला.

तेव्हापासून चार वेळा तिचा नंबर काढलाय. घरात येरझाऱ्या घालतोय. मला कळलं नव्हतं, एवढंच म्हणायचंय. तेही आपल्याच भाषेत. तोंडातून निघत नाही.