तीसवर बसलेला काटा

तुर्भे,
ता. १० जानेवारी १९८४

ती. दाजींना,
नंदकिशोरचा नमस्कार. इकडे ताई आणि मुलं मजेत आहेत. पुण्याच्या थंडीत स्वेटर घालताय ना?

"कंपनीची माणसं आपला कारखाना उघडून बघतील, त्याआधी तूच उघडून बघ," असं फर्मान सोडून तुम्ही गेलात. बघितला. आग विझवायचं सिलिंडर रिकामं होतं, ते भरून आणलं. गोडाऊनची एक किल्ली चहावाल्याकडे असते, हे मला आत्ता कळलं. हसू नका. परवाने सगळे जागेवर आहेत. आपले स्टोव्ह त्यांच्या नावाने विकायला काहीच हरकत नाही, असा रिपोर्ट मी परवा अर्धा लिहूनही ठेवला होता.

मग टाक्यांच्या तपासणीचं रजिस्टर काढलं. दसऱ्यापर्यंत दाबाचे आकडे अठ्ठावीस, एकतीस, एकोणतीस, असे मागेपुढे. त्यानंतर प्रत्येक टाकीपुढे तीस. सतराशे टाक्या, सगळ्या तीस.

दसऱ्याला आपण यंत्रं धुऊनपुसून पुजतो ना, तेव्हा दाबाचं मीटरही कुणीतरी खोलून धुतलं. आत पाणी राहिलं आणि काटा तीसवर गंजून बसला. तेव्हापासून तपासताना टाकीत खरी हवा किती भरली जाते, कुणालाच ठाऊक नाही, आणि कच्ची टाकीही पास होते. पेटत्या स्टोव्हची कच्ची टाकी फुटली तर पुढे बसलेल्या बाईचं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

रजिस्टरवर सही टाक्या तपासणाऱ्या वामनची आहे. म्हाताऱ्याच्या नावावर टाकून मोकळं व्हावं, असं आधी मनात आलं. त्याला बोलावून ओरडलोही. तो शांतपणे म्हणाला, "सायेब, काटा हालत नाय, हे मी तुमाला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सांगलेला. तुमीच बोललाव, माल जाऊ दे, मंग बघू."

खरं आहे. लग्नसराईचा माल अडला असता, म्हणून मीच तसं बोललो होतो. मग बघायचं राहूनच गेलं.

दाजी, इथवर लिहून दोनदा उठलो, अंगणात फेऱ्या मारल्या. राहूनबिहून गेलं नव्हतं. भाऊबीजेला मी ताईला याच मालातला स्टोव्ह दिला होता. वामनने सांगितलं त्याच संध्याकाळी मी वाशीला तुमच्या घरी गेलो आणि बर्नर वाकडा आहे अशी थाप मारून तो उचलून आणला. दिलेली ओवाळणी परत नेणारा भाऊ म्हणून ताईने चिडवलं. मीही हसलो. आणि दुसऱ्या दिवशी बाकीचे स्टोव्ह टेम्पोत भरले.

आज सकाळी सगळ्या दुकानदारांना तारा केल्या. माल विकू नका, विकलेला परत मागवा. तुम्हाला विचारायला थांबलो नाही. शुक्रवारी करारावर सही करण्याआधी हे पत्र कंपनीच्या साहेबांपुढे ठेवा. ऑर्डर बहुतेक जाईल. तुमची दहा वर्षांची मेहनत जाईल, आणि ती माझ्यामुळे. वामनला मात्र काढू नका.

पत्र आपला ड्रायव्हर शिवा टेम्पोने घेऊन येतोय. अजून कुठून वाईट बातमी नाही. रोज सकाळी पेपर उघडायची भीती वाटते.

आपलंच घर तेवढं सांभाळलेला,
तुमचा मेहुणा
नंदकिशोर