दोन दिवस लागणारं विमान

शुक्रवार, १२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे. तू आणि आई दोघी बऱ्या असाल. इथे वारा सुटलाय, धावपट्टीवरची माती थेट काउंटरवरच्या चहात येते. वजनकाटा अजून माझ्याच ताब्यात आहे. आमची विमानं एवढीशी, त्यामुळे सामानाबरोबर माणसांचंही वजन करावं लागतं. तोंडी विचारलं तर सगळे पाच-सात किलो खातात. परवा एक गुरुजी बूट काढून, श्वास रोखून काट्यावर उभे राहिले!

हे पत्र कॅप्टनबाईंच्या हाती देतोय. उद्या त्या तुझ्या दवाखान्यात आणून देतील. पोचायला पाऊण तास लागेल.

हो, पाऊण तास. पूर्वी शहरावरून वळसा घालून, रात्री मुक्काम करून यावं लागायचं, तेव्हा दोन दिवस खरंच लागायचे. हिवाळ्यात सरळ विमान सुरू झालं. तरी आईने फोनवर "किती लांब रे?" विचारलं की माझं आपलं तेच, "दोन दिवस लागतात गं, एवढी रजा कुठून आणू?" आणि दर बुधवारी, शनिवारी तेच विमान मी हात हलवून सोडतो. तुझा दवाखाना विमानतळाच्या कुंपणाला लागून. तुला कळलं नसेल असं कसं म्हणू? पण तू एक शब्द काढला नाहीस. दोन शिव्या हासडल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

परवा चहा पिताना कॅप्टनबाई सांगत होत्या, "तिकडे एक आजी आहेत, नर्सबाईंच्या आई. विमान उतरलं की कुंपणाशी येऊन उभ्या. म्हटलं, कुणाला घ्यायला आलात? तर म्हणे मुलाला. म्हटलं, मग उतरणाऱ्यांत बघा की. तर म्हणतात, हे नव्हे बाई, हे आत्ताच तर निघालं. माझ्या मुलाचं दोन दिवस लागणारं विमान आहे, ते अजून वाटेत असेल."

सगळे हसले. ताई, मीही हसलो. ती माझी आई आहे, हे तोंडातून निघालं नाही. नंतर काट्यावरचा आकडा मला नीट वाचता येईना.

रजा मिळते गं. पण आई रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला माझ्या नावाने हाक मारते असं तू सांगितलंस, तेव्हापासून मी रजेचा अर्जच लिहिला नाही. मी समोर उभा राहिलो आणि तिने "आपण कोण?" असं विचारलं तर? त्यापेक्षा लांबूनच मुलगा म्हणून राहिलेलं बरं, असं वाटायचं. आणि बघ, सगळं विसरत चाललेल्या बाईने माझी थाप तेवढी नीट लक्षात ठेवली. मला माझीच लाज वाटते.

येत्या बुधवारी येतोय. साहेबांनी मान वर न करता अर्जावर सही केली, इतकं ते सोपं होतं.

एक काम कर. मी त्या विमानातून उतरलो तर ओळखूनसुद्धा ती म्हणेल, हा नव्हे, तो अजून वाटेत आहे. म्हणून सोमवारी सकाळीच तिला सांग, की तो निघाला.

सोमवारपासून वाटेत असलेला,
तुझा धाकटा